रखमाआजीच्या हातात पळी

३ जानेवारी, शुक्रवार

आणि जाताना मेल्यानं कूपनांची वहीसुद्धा हपिसात कोंडली. जायचं तर जा ना, तुला कोणी धरून ठेवलंय! पण अकरा म्हातारी माणसं माझ्या गळ्यात टाकून, हपिसाला कुलूप मारून, मोबाईल बंद करून, थर्टी फर्स्टला सासुरवाडीला जाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. मॅनेजर म्हणे. महेशराव म्हणायचं त्याला. मी तीन दिवस नुसतं महेश म्हणतेय, कोणी काही बोलत नाही.

शिरगावचा हा वृद्धाश्रम दादासाहेबांनी बांधला. ते दिवाळीच्या आधी वारले. त्यांचा मुलगा सुजित उल्हासनगरला कॅम्प चारला असतो, सोफ्याचा कारखाना आहे. त्याला फोन लावला तर म्हणतो, "देखता हूं, चंद्री." आश्रम कोणाचा यावरून दोघा भावांचं वाजलंय, म्हणून तो बघणार पण नाही आणि सोडणार पण नाही.

आता हे कूपन. महेश रोज सकाळी गुलाबी कूपनं वाटायचा. कूपन दिलं की ताट, नाही तर नाही. परवा मी भात-आमटी करून काउंटरवर ठेवली तर सगळे लायनीत उभे, पुढं कोणी होईना. "कूपन?" म्हणे. अहो, कूपन गेलं सासुरवाडीला, ताटं घ्या! तरी उभेच. सुदामबाबा कारखान्यात फोरमन होते, सहा फुटी माणूस, ते म्हणतात, "उद्या कोनी इचारलं तर?" आमटी गार झाली. शेवटी मी ओरडले तेव्हा जेवले.

संजीवनीबाई म्हणाल्या, चंद्री, रोजचं लिहून ठेव, उद्या तुझ्यावर येईल. त्या शाळेत मास्तरीण होत्या. ही डायरी त्यांनीच दिली, मेडिकलवाल्याची, दोन वर्षांपूर्वीची. छापलेले वार चुकतात, ते मी खोडून घालते. मी चौथी पास आहे. चुका होणार. कोणाला दाखवायचं नाही आहे.

५ जानेवारी, रविवार

कूपन नाही म्हणजे कूपन लागतच नाही, हे आज त्यांना कळलं. सगळ्यात आधी बनूबाईला. तिनं सात चपात्या उचलल्या आणि पदरात घातल्या.

मी म्हटलं, "सात?"

"महेश आहे का इथं?"

"नाही."

"मग सात."

तिच्या मागं सुदामबाबा होते. त्यांनी आठ घेतल्या, सातपेक्षा एक जास्त पाहिजे म्हणून. शेवटच्या तिघांना चपातीच राहिली नाही. आनंदराव मीठ-भात जेवले आणि मग अशा शिव्या दिल्या की मी पातेलं घासायची थांबले. पोस्टात होते ते. मला वाटलं होतं त्यांना येत नसतील.

रखमाआजीकडं कोणी ताट नेलंच नाही. ती तीन नंबरच्या खोलीत, कंबरेखाली काही चालत नाही. हात चांगले आहेत, जीभ तर त्याहून चांगली. तिचं ताट कोणी न्यायचं त्याची यादी महेशकडं होती, म्हणून आता कोणीच नेत नाही. मीच नेलं. म्हणाली, "मी मेले असं ठरलं का बाहेर? मला सांगा तरी."

संजीवनीबाई सकाळी डायरी वाचायला लावतात. आज दोनदा वाचून घेतलं. वर विचारतात, आज वार कोणता. परीक्षाच घेतात माझी.

७ जानेवारी, मंगळवार

कोठीच्या खोलीला मी माझं कुलूप लावलं. महिन्याचं सामान आहे आत, असंच चाललं तर आठ दिवसांत संपेल. आता मी मोजून काढणार आणि मोजून करणार.

कुलूप लावल्यावर बरं वाटलं, खरं ते लिहिते. किल्ली कमरेला लागली आणि कालपर्यंत "ए चंद्रे" म्हणणारी माणसं "चंद्राताई" म्हणायला लागली. आनंदराव म्हणाले, चंद्राताई, माझ्यापुरता थोडा गूळ काढाल का. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ठाऊक नाही. गूळ होता.

९ जानेवारी, गुरुवार

कुलूप जागच्या जागी, आणि आतली गुळाची ढेप गायब. शेंगदाणे पण. बिजागरीचे स्क्रू काढून दार उतरवलं आणि परत तसंच बसवलं, ओरखडा नाही. असलं काम या घरात एकालाच येतं.

म्हटलं, "सुदामबाबा, तुमचंच काम."

"सिद्ध कर," म्हणाले. तोंडाला गुळाचा वास.

आता अंघोळीचा बंब त्यांच्या ताब्यात आहे. काठी घेऊन शेजारी खुर्ची टाकून बसतात. गरम पाणी पाहिजे तर काहीतरी द्या. कोणी बिस्किटं दिली, कोणी मफलर. वरच्या मजल्यावर पांघरुणांचं कपाट आहे, ते बनूबाईनं धरलंय. खालच्यांना चादर नाही, वरच्यांना गरम पाणी नाही. थंडी अशी की सकाळी मोरीत पाय ठेववत नाही. खालचे वरच्यांना चोर म्हणतात, वरचे खालच्यांना.

मी आमच्या पाड्यावरून येते, बारवीच्या रस्त्याला. यायला लागले तेव्हा बनूबाई म्हणाली होती, जंगलातली बाई स्वयंपाकाला ठेवलीत का, हात तरी धुते का. आज मला ते आठवलं.

१० जानेवारी, शुक्रवार

रखमाआजी सकाळी पेपर पांघरून पडलेली. पेपर! दोन पेपर आणि एक परकर. ओठ काळे पडलेले. गोधडी रात्री कोणीतरी अंगावरून ओढून नेली. तिला उठून धरता आली नाही.

माझी शाल तिला गुंडाळली, चहा पाजला, आणि वर गेले. बनूबाई गोधडी घेऊन बसलेली. लाज नाही, काही नाही.

"तिला काय करायची?" म्हणाली. "तिला कंबरेखाली थंडी कळतच नाही."

मी खालून येताना लाटणं हातात तसंच होतं. माझा हात वर गेला. बनूबाईनं डोळे मिटले आणि मान आत घेतली, कासवासारखी. बहात्तर वर्षांची बाई. मी लाटणं तिथंच टाकलं आणि घरी आले. स्वयंपाक केला नाही. गोधडी पण घेतली नाही.

हे तीनदा खोडून लिहिलं. अक्षर बघा.

११ जानेवारी, शनिवार

गेले नाही. माझा नवरा गोमा म्हणाला, "बरं केलंस. तुझे कोण लागतात ते? फुकट राबायचं आणि तिथं कोणी मेलं तर नाव तुझं."

बरोबर बोलला. दिवसभर बरोबर बोलला. मी दोनदा भाजी करपवली तरी काही बोलला नाही, तेव्हा मलाच राग आला.

मला ती माणसं शिकलेली वाटायची. फोरमन, पोस्टमास्तर, मास्तरीण. वर मॅनेजर होता तोवर प्लीज आणि थँक्यू. मॅनेजर गेला आणि आठ दिवसांत हे. मग ते प्लीज कोणाचं होतं? महेशचं? आणि माझं लाटणं कोणाचं होतं?

१२ जानेवारी, रविवार

माझी शाल तिथं राहिली होती म्हणून गेले.

कोठीचं दार काढून भिंतीला टेकवलेलं. पीठ सांडलेलं, त्यावर पावलं. कोणीतरी भात लावून जाळलेला. आणि सगळ्या खोल्यांना आतून कड्या. प्रत्येक जण आपापलं घेऊन आत. एकच दार उघडं, तीन नंबरचं, कारण रखमाआजीला उठून कडी लावता येत नाही. संजीवनीबाई तिच्यापाशी बसून भिजवलेले पोहे भरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू कोण गं?" एक दिवस आले नाही तर केवढा हा टोमणा. लागला मला.

आधी सगळं झाडलं. मग भात केला, आमटी केली. काउंटरवर चढवायची ताकद नव्हती, पातेली तिथंच जमिनीवर ठेवली, थाळी बडवली. कड्या निघाल्या. सुदामबाबा सगळ्यात पुढं, मोठं ताट घेऊन.

डोकं फिरलं माझं. मी पळी त्यांच्या हातात कोंबली. "घ्या! तुम्हाला सगळं पाहिजे ना? सगळं तुमच्या हातात. तुम्हीच वाढा आणि तुम्हीच खा!"

मी शिवी म्हणून म्हटलं होतं. पण ते पळी घेऊन नुसते उभे राहिले. पळीकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. मग आपलं ताट बाजूला ठेवलं, मोरीत जाऊन हात धुऊन आले आणि लुंगी वर खोचली.

"बसा की," म्हणाले. "हुबे काय? पंगत बसल्याबिगर वाडत न्हाई मी."

बसली माणसं. ज्यांना खाली बसता येत नाही ते भिंतीला खुर्च्या लावून. सुदामबाबा पार टोकाकडून निघाले. भात, आमटी, भात, आमटी. थेंब सांडला नाही. हात असा चालत होता की मी बघतच राहिले. पहिलं ताट आनंदरावांकडून रखमाआजीला पाठवलं. कोणी सांगितलं नव्हतं.

बनूबाई खात खात म्हणाली, "स्वतःला किती ठेवलंत, फोरमनसाहेब?"

"वाडपी मागनं जेवतो," ते म्हणाले. "आमच्या गावात पाचशे पानांच्या लग्नात वाडलंय मी. पंगत उठल्याबिगर घास घेतला आसता तर बापानं तितंच तुडवला आसता. तुमच्यात नसतंय व्हय असं?"

"असतं. आमच्यात पण असतं," बनूबाई म्हणाली.

उरलं ते अर्धी पळी आमटी आणि खरवड. सुदामबाबा ते खाऊन उठले. मी बघत होते, आता चिडतील, मग चिडतील. चिडले नाहीत. उलट विचारतात, मीठ बरोबर होतं का.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

काल आनंदरावांनी वाढलं, चांगलं झालं. आज बनूबाईची पाळी. ती काय कमी आहे होय! सगळ्यांना वाढताना पळी अर्धी. अर्धी पळी भात, अर्धी पळी आमटी, "पुरवून खा, पुरवून खा" चालू. पंगत उठायला लागली तर पातेलं अर्धं भरलेलं, आणि आता ती एकटीच जेवायची राहिलेली.

सुदामबाबा उठून पातेल्यात डोकावले. "आरं तिच्या! पंगत उपाशी आन वाडपी तुपाशी?"

"नियम तुमचाच. मी शेवटीच जेवतेय."

झालं. सगळे एकदम बोलायला लागले. आनंदरावांनी परत त्या शिव्या काढल्या. मला वाटलं, संपलं, दोन दिवसांची नवलाई होती. किल्ली शोधायला कमरेला हात गेला माझा.

तेवढ्यात तीन नंबरमधून रखमाआजी ओरडली. असा आवाज की वरच्या मजल्यावरची मांजर पळाली. "पातेलं इकडं आणा! वाढणाऱ्याचं पान मी वाढणार! मी काही उठून पळणार नाही. या घरात भरवशाची मी एकटीच आहे!"

 नेलं पातेलं. दारात सगळे गोळा. रखमाआजी पलंगावर उशीला टेकलेली, हातात पळी. समोर बनूबाई रिकामं ताट घेऊन उभी, ज्या बाईची गोधडी ओढली तिच्यासमोर. 

रखमाआजीनं किती वेळ घेतला, देवा! भात वाढला, पूर्ण पळी. आमटी वाढली, पूर्ण पळी. "राहिलेलं बाहेर फिरवा, सगळ्यांना अर्धी अर्धी अजून," म्हणाली. मग बनूबाईकडं बघून, "आणि माझी गोधडी धुऊन आण. तुझ्या तेलाचा वास नको मला."

बनूबाई खाली मान घालून जेवली. दुपारी गोधडी वाळत होती.

मी नंतर रखमाआजीला म्हटलं, "मी असते तर रिकामं ताट परत पाठवलं असतं."

"म्हणून तर तू चुलीपाशी," म्हणाली.

१९ जानेवारी, रविवार

चार दिवस लिहिलं नाही, वेळ नव्हता आणि काही झालं पण नाही. रोज एकाची पाळी. वाढणारा शेवटी जेवतो, त्याचं ताट रखमाआजी वाढते. बंबाचं पण तसंच केलंय त्यांनी, जो पेटवील तो शेवटी अंघोळ करील. कोठीचं दार सुदामबाबांनी बसवून दिलं. कुलूप मी लावलं नाही. लावायचं राहून गेलं.

फार गोड झालेत असं नाही. आनंदराव वाढताना स्वतःच्या दोस्ताला डाळीचा गाळ देतात. बनूबाईनं गुळाचा खडा तोंडात लपवला आणि बोलताना पडला. भांडतात. पण आता मोठ्यानं भांडतात, दार उघडं ठेवून.

काल नवीनच काढलं. मी नेहमी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं खाते. सुदामबाबा म्हणाले, "चंद्रीला कोन वाडतं?"  मग मला पंगतीत बसवलं, बनूबाईच्या शेजारी. तिनं सरकून जागा केली. मला असलं आवडत नाही. बसले, कारण पाठ दुखत होती.

संजीवनीबाईंनी विचारलं, महेशराव कुठे दिसत नाहीत. मी तीन तारखेपासून सगळं वाचून दाखवलं. परीक्षेत नापास करायचा फार प्रयत्न करतात. गोधडी धुतली तिथं त्यांनी परत वाचायला लावलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सुजितशेठ आले, गाडीनं. सोबत एक माणूस, नवा मॅनेजर. भावाशी मिटलं म्हणे.

"काय चंद्री, मला वाटलं इधर तो जंगलराज झालं असेल."

"झालं होतं."

"मग?"

"मग जेवलो."

हसले. जेवायची वेळ होती, थांबा म्हटलं. पातेल्याकडं ताट घेऊन निघाले, तर आनंदरावांनी अडवलं, "बसा, वाढतोय." बसले बिचारे, पँट वर ओढून. चांगले जेवले. मग हात पुसत सांगितलं. एक तारखेपासून नवा मॅनेजर. कूपन नाही, आता कार्ड, मशीनला लावायचं. कोठीला चांगलं कुलूप. "और वो बिस्तरवाली केस आपण ठेवणार नाही. स्टाफ नाही आपल्याकडे. तिला दुसरीकडे पाठवू."

दुसरीकडे कुठं, विचारलं. बघू म्हणाले. रखमाआजीला कोणी नाही. दुसरीकडे म्हणजे कुठेच नाही.

मी म्हटलं, "शेठ, ती वाढणाऱ्याचं ताट वाढते."

त्यांना समजलं नाही. "शिस्त पाहिजे चंद्री, शिस्त," म्हणाले आणि गेले. मॅनेजर जाताना कोठीच्या दाराची कडी हलवून बघत होता.

संध्याकाळी तीन नंबरमध्ये सगळे जमले. कोणी मोठ्यानं बोललं नाही, हे मला आवडलं नाही. रखमाआजी गोधडीची शिवण उसवत बसली होती. म्हणाली, "गेले तर पळी बनूला द्या. ती चोर आहे, तिला चोरी लगेच कळेल." बनूबाई उठून बाहेर गेली. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मला आज किल्ली नको वाटतेय आणि मॅनेजर पण नको वाटतोय. असं कसं चालेल? कोणीतरी वर पाहिजेच ना? दिवा, नळ, औषधं, हे कोण बघणार? गोमाला विचारलं तर म्हणतो, असू दे की वर, पण त्याला पण वाढायला लावा. गोमा कधी कधी बरोबर बोलतो.

२३ जानेवारी, गुरुवार

सुजितशेठला पत्र लिहायचं ठरलं. संजीवनीबाई सांगणार, मी लिहिणार. "माननीय महोदय, सविनय विनंती," इथवर आलो आणि त्या थांबल्या. मी लिहिलेलं वाचलं. परत म्हणाल्या, "माननीय महोदय, सविनय विनंती." तिसऱ्यांदा पण तेच. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढचं तू लिही. तुला सगळं ठाऊक आहे." अजून परीक्षाच. बरं, लिहिते. हे पत्र इथं उतरवून ठेवते, उद्या सुदामबाबा कॅम्प चारला स्वतः जाऊन देणार आहेत, आनंदराव म्हणतात पोस्टानं नको, त्यांना पोस्ट ठाऊक आहे.

माननीय महोदय सुजितशेठ, सविनय विनंती.

नवा मॅनेजर पाठवा. आमचं काही म्हणणं नाही. दिवा-पाण्याचं, औषधाचं बघायला माणूस पाहिजे. कार्डाचं मशीन पण लावा, पाहिजे तर. पण इथं एक पद्धत पडली आहे ती मोडणार नाही. इथं जो वाढतो तो शेवटी जेवतो. मॅनेजर इथं राहणार तर त्याची पण पाळी लागेल, अकरा दिवसांनी एकदा. त्यानं हात धुऊन वाढायचं, पंगत उठेपर्यंत थांबायचं, आणि मग ताट घेऊन तीन नंबरच्या खोलीत जायचं. तिथं रखमाबाई त्याला वाढतील. जेवढं सगळ्यांना तेवढंच देतील. त्याची काळजी करू नये, त्यांनी गोधडी चोरणारीला पण तेवढंच दिलं.

म्हणून रखमाबाई इथून जाणार नाहीत. त्या गेल्या तर वाढणाऱ्याला कोण वाढणार? मग परत सात चपात्या आणि आठ चपात्या. आम्ही ते बघितलं आहे, तुम्ही बघितलं नाही. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, ताट नेणं आम्ही वाटून घेतलं आहे, स्टाफ लागत नाही. यादी सोबत जोडली आहे. पहिलं नाव बनूबाईचं आहे, ते त्यांनी स्वतः घातलं.

तुमच्या मॅनेजरला ही पाळी कबूल आहे का, आणि रखमाबाई राहणार का, दोन्हीचं उत्तर मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, दुपारच्या पंगतीआधी द्यावं. फोनवर देखता हूं चालणार नाही. कागदावर हो लिहून सही करावी.

खाली अकरा सह्या आहेत. त्यातले दोन अंगठे आहेत. बारावी सही स्वयंपाकवालीची, चंद्री गोमा.